घरात पाळण्याजोगा

हा कुत्रा घरात पाळण्याजोगा आहे का, असं फोनवर कुणी विचारलं की थोरलीचं उत्तर ठरलेलं असे. "कुत्रा आहे हो पाळण्याजोगा. तुमचं घर कुत्र्याजोगं आहे का, ते आधी बघू." एवढ्यावरच निम्मे लोक फोन ठेवत. उरलेल्यांतले निम्मे 'केस गळतात का' असं विचारत, आणि मग थोरली फोन ठेवी.

बाई तुसडी आहे, असं लोक म्हणत. होतीच ती तुसडी. घरात तिला सगळे 'तोफ' म्हणत, तेही ती खोलीबाहेर गेल्याची नीट खात्री करून घेऊन. पण ज्यांच्यासाठी ही तोफ धडधडत असे, ते कुत्रेही कुणी सोमेगोमे नव्हते. ऑटरहाउंड त्यांचं नाव. जगभरात मिळून हजारही भरणार नाहीत. एके काळी पाणमांजरांच्या मागावर सोडायला म्हणून माणसांनी ही जात घडवली. पुढे पाणमांजरं दिसेनाशी झाली, शिकार बंद झाली, आणि एवढा थोराड कुत्रा बसल्या जागी बेकार झाला. नाक तेवढं कामावर राहिलं. काल ओढ्यातून पोहत गेलेल्या जनावराचा वास आज पाण्यावरून काढणारं नाक ते. बोटांमध्ये बदकासारखं कातडं, अंगावर तेलकट, राठ, गुंतलेले केस, आणि वर दाढी. ती दाढी पाण्याच्या भांड्यात बुडाली की भांड्यातलं निम्मं पाणी घरभर फिरून यायचं.

आणि आवाज. बाकीचे कुत्रे भुंकतात. हे हाळी देतात. छातीच्या तळातून निघालेला, लांबलचक, जड आवाज. ओढ्याच्या अलीकडे कुत्रा बोलला की पलीकडच्या टेकडीवरचा माणूस मान वर करून बघे. थोरली कुत्र्यांच्या आवाराकडे पाठ करून बसलेली असली तरी कोण बोललं आणि कशापायी बोललं, ते तिला बरोबर कळे. वास लागला, वास हरवला, कुणी आलं, कुणी निघालं, सगळ्याची हाळी वेगळी.

पिल्लू मागायला येणाऱ्यांची ती परीक्षा घेई. तिची रीत तिनेच काढलेली. आपली सगळ्यांत म्हातारी, सगळ्यांत केसाळ कुत्री ती गाडीत घालून त्यांच्या घरी नेई, खाली नळावर तिला चिंब भिजवी, आणि तशीच निथळती वर नेऊन बैठकीच्या खोलीत पट्टा सोडून देई. कुत्री आधी अंग झाडे. मग सोफ्याला दाढी पुसे. मग थोरली हलकेच शीळ घाली, आणि कुत्री त्या बंद खोलीत मान वर करून हाळी देई. एवढा वेळ थोरली कुत्रीकडे ढुंकूनही बघत नसे. तिचे डोळे घरच्या माणसांच्या तोंडावर असत. ज्यांना हसू फुटे त्यांना पिल्लू मिळे. ज्यांचे हात आधी पडद्यांकडे जात त्यांना चहा पिऊन झाल्यावर नमस्कार मिळे.

ही परीक्षा तिने आयुष्यात एकाच घरची घेतली नाही. धाकट्या बहिणीची.

त्याला कारण आई होती. आई कित्येक वर्षं थोरलीकडे, त्या कुत्र्यांच्या आवारातच राहिलेली. तिचे कान तिथेच हळूहळू उतरले. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग फोनची घंटी, मग माणसं. बारीक आवाज पहिले गेले, जाड आवाज मागे राहिले. कानात यंत्र घातलं तरी माणसांचं बोलणं तिला चाळणीतून गळून आल्यासारखं अर्धंमुर्धं ऐकू येई. पण गडगड्या नावाच्या तरण्याबांड कुत्र्याने हाळी दिली की ती यंत्राशिवायही वळून बघे आणि म्हणे, "काय रे, कोण आलं?" मग आईचं खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना जवळ हवा, लिफ्ट हवी, म्हणून तिला धाकटीच्या फ्लॅटमध्ये हलवायचं ठरलं. आई एवढंच म्हणाली, "एक तरी आवाज माझ्याबरोबर द्या." थोरलीने गडगड्या दिला. घरचंच घर, सख्खी बहीण, तिथे कसली परीक्षा? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बजावायचं तेवढं मात्र बजावलं. "जमेनासं झालं तर परत आण. कारण नको, निमित्त नको. फोन कर, मी येऊन घेऊन जाईन."

फोन काही आला नाही. थोरलीच करायची. दोन-तीन महिने झाले, आईशी बोलायचं म्हटलं की धाकटी म्हणे, "पडलीये गं जरा," नाहीतर "आत्ताच डोळा लागलाय." थोरली मनात चडफडे, पण आवारात तेव्हा पिल्लांची धांदल होती. अखेर एक कुत्री माजावर आली, आणि तिच्या रक्ताबाहेरचा म्हणावा असा नर एक गडगड्याच होता. तेव्हा त्याला थोडे दिवस न्यायला आणि आईला भेटायला म्हणून थोरली एका टळत्या दुपारी धाकटीच्या दारात येऊन उभी राहिली.

बेल दाबून तिने कानांवर हात ठेवले. सवयच होती. दाराआडून गडगड्याची हाळी आली की कानठळ्याच बसत.

काही आलं नाही. तिने हात काढले. आत नखांची खरखर ऐकू आली, काहीतरी दारावर आदळलं, आणि धाकटीने दार उघडलं. गडगड्या थोरलीच्या अंगावर आला. पुढचे दोन्ही पाय खांद्यांवर, ओली दाढी गळ्यात, शेपूट दाराच्या चौकटीवर आपटतंय. त्याने मान मागे टाकली, तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. पंक्चरवाल्याच्या पंपातून येते तशी.

"घसा बसलाय का ह्याचा?"

"हो ना," धाकटी म्हणाली. "हवा बदलली की होतं असं. ये ना आत. चहा टाकते."

मेहुणा सोफ्यावरून अर्धवट उठला. भला माणूस होता तो. म्हणजे कुठल्याच भांडणात ज्याचा आवाज निघत नाही अशा माणसाला जग भला म्हणतं, तितका भला. "गडूला काढा द्यायला पाहिजे," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदाला हसला. गडगड्याचा त्या घरात 'गडू' झाला होता. फ्लॅटच्या मापाचं नाव.

थोरली तिथेच पायपुसण्यावर गुडघे टेकून बसली. तिने त्याचं नाक बघितलं, गार आणि ओलं होतं. जबड्याखाली चाचपलं, कुठे गाठ नाही, सूज नाही. डोळे लख्ख. आजारी कुत्रा असा नसतो. तिने दोन बोटं ओठांशी नेऊन हलकेच शीळ घातली. गडगड्या शहाण्या मुलासारखा बसला, त्याने डोळे मिटले, छाती भरून घेतली, इतकी भरली की बरगड्यांवरचे केस विस्कटले, आणि सगळं बळ लावून हाळी दिली. पुन्हा तीच फुसफुस. शेवटी एक घोगरा ठसका. त्याने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. आपण काम केलं, आता कौतुक होईल, अशा डोळ्यांनी.

असला आवाज तिने पूर्वी एकदा, एका कुत्र्यांच्या प्रदर्शनात ऐकला होता. तिथे तो कुत्रा घेऊन आलेल्या बाईशी ती असं काही बोलली होती की थोरलीलाच तिथून बाहेर काढावं लागलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ती ओरडली नाही, आणि ते बघून धाकटी जास्तच भेदरली.

"कुणी कापला?" थोरलीने विचारलं.

"ताई, तू आधी पाणी पी."

"कुणी कापला आवाज ह्याचा?"

"कापला काय म्हणतेस? छोटीशी प्रोसिजर असते. तोंडातूनच करतात. बाहेरून टाकासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळतसुद्धा नाही."

"डॉक्टरला कळतं का?"

धाकटी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. ओट्यावर चहाचं आधण उकळत होतं, ते कुणी बघितलं नाही. मग सगळं बाहेर आलं, तुकड्यातुकड्यांनी, मध्ये नाक ओढत. खालच्या मजल्यावर बिल्डिंगचे चेअरमन राहत. त्यांना दुपारची झोप प्यारी. आधी त्यांनी लिफ्टमध्ये सांगितलं, मग नोटीस लावली, मग मीटिंग बोलावली. मीटिंगमध्ये इतकी वर्षं ज्यांच्याशी वाटीभर साखरेचं येणं-जाणं होतं ती माणसंही चेअरमनच्या बाजूने माना डोलावत होती. कुत्रा घालवा नाहीतर घर सोडा.

"मग घालवायचा! माझ्याकडे घालवायचा!" आता तोफ सुटली. "मी काय मेले होते? एक फोन, एक! रात्री-अपरात्री निघून आले असते मी."

"आणि काय बोलली असतीस?" धाकटीचाही आवाज चढला. "तुला नाही झेपायचं, मी आधीच ओळखलं होतं. तुझं घर म्हणजे काड्यापेटी. तुझा नवरा म्हणजे शेळी. जन्मभर ऐकवलं असतंस, ताई. तुला सांगायची हिंमत होत नाही माणसाला, तुला कळत कसं नाही?"

"बोलले असते! दहा वेळा बोलले असते, शंभर वेळा बोलले असते! माझ्या बोलण्याने कुणाचा गळा कापला जात नाही गं! तुला माझं ऐकून घ्यायचं नव्हतं, म्हणून तू त्याचा आवाज काढून घेतलास?"

मेहुण्याने दार किलकिलं करून आत डोकं घातलं. त्याला वाटलं, वाद आता मुद्द्यावर आणावा. "ताई, एक मात्र आहे. मी डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतलं. पिल्लांमध्ये ह्याचा काही फरक पडत नाही. पिल्लांचा आवाज नॉर्मलच येतो."

थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने डोकं काढून घेतलं आणि दार आपणहून लावलं.

आधण उतू गेलं. धाकटीने गॅस बंद केला आणि फडक्याने ओटा पुसायला लागली, तीच जागा पुन्हा पुन्हा. थोरलीच्या डोक्यात एकच विचार ठाण मांडून बसला होता, की ह्या घरात आता हे जनावर क्षणभरही ठेवायचं नाही. चार दिवसांसाठी नाही, कायमचं न्यायचं. आईला सांगायचं आणि निघायचं. ती तरातरा आईच्या खोलीकडे निघाली. "ताई, थांब," धाकटी मागून म्हणाली, "आईला काही बोलू नकोस, प्लीज," पण थोरलीला वाटलं ही आपली नेहमीची भित्री बडबड.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, पाठ दाराकडे. स्वयंपाकघरात एवढा दणदणाट झाला, त्याची तिला गंधवार्ता नव्हती. गडगड्या थोरलीला ओलांडून पुढे गेला आणि त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं, तेव्हा ती वळली. थोरलीला बघून तिचं तोंड उजळलं. किती वाळली होती. थोरली बोलायला लागली तशी आईने हात वर केला.

"बोलू नकोस बाई. फुकट जाईल," आई म्हणाली. फार हळू म्हणाली, आपला आवाज केवढा निघतोय हे ज्याला कळत नाही त्याच्यासारखं. "माझे कान संपले."

थोरलीने आपल्या कानाला हात लावून खूण केली, यंत्र कुठाय?

"ठेवलं काढून. कशाला उगीच कानात बोळा? ही बोलतात, तोंडं हलतात, मी हसते. तेवढं पुरे होतं." तिने गडगड्याच्या कानामागे खाजवलं. "माणसांचं काय, मी कधीच सोडून दिलं होतं. पण ह्याचं ऐकू येत होतं तोवर वाटायचं, अजून आहे थोडं. मग एक दिवस बघते तर हा समोर बसून तोंड उघडतोय, एवढी छाती फुगवतोय, आणि मला काही नाही. ठार काही नाही. त्याचा दात काढला होता बघ, त्याच सुमाराला. मी चमच्याने भरवायची त्याला, पातळ करून. बिचारा तसल्या दुखऱ्या तोंडानेसुद्धा मला हाका मारत होता, आणि मी दगडासारखी बसून." तिने थोरलीकडे बघितलं. "त्याला वाटत असेल, म्हातारी रुसली."

थोरलीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

ती वळली. धाकटी दारात उभी होती, पदर तोंडात कोंबून. मागे मेहुणा.

"दात," थोरली म्हणाली.

"सांगणारच होतो गं आम्ही—"

"कधी? तिला पोचवून आल्यावर?"

"आधी वाटलं, चार दिवसांनी सांगू," धाकटी रडत म्हणाली. "मग तिने यंत्रच काढून ठेवलं. म्हणाली, आता नको मला. मग सांगणं अवघडच होऊन बसलं. आणि तिला सांगितलं असतं तर तिने तुला सांगितलं असतं."

"त्यांना त्रास नको, एवढाच हेतू," मेहुणा म्हणाला.

त्रास नको! ह्या जगातली निम्मी नीच कामं कुणाला तरी त्रास नको म्हणून केलेली असतात. कुत्र्याला काही कळत नाही म्हणून त्याचा गळा कापायचा, आणि आईला काही ऐकू येत नाही म्हणून तिचे कान कापायचे. दोघांनाही तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर ह्यांची झोप शाबूत, चेअरमनची शाबूत, डॉक्टरची शाबूत. थोरलीने आजवर पुष्कळ माणसांवर तोंड सोडलं होतं, पण त्या रागात कुठेतरी मजाही असे. ह्या रागात काहीच नव्हतं. आपल्याला आत्ता कुणाला तरी मारता येईल, असं तिला प्रथमच वाटलं.

"ताई, पाया पडते तुझ्या," धाकटी म्हणाली. "नको सांगूस. तिने मान्य केलंय आता. शांत झालीये ती. आता सांगून काय मिळणार? फक्त माझं तोंड बघणार नाही ती परत."

ह्यावर थोरली अडली. खरंच अडली. आईच्या मांडीवरचं ते केसाळ डोकं, आणि त्यावरून फिरणारा तो सुरकुतलेला हात बघून तिला क्षणभर वाटलं, काही न बोलता दोघांना उचलावं आणि न्यावं. तिकडे आवारात इतके कुत्रे आहेत. कुणाची तरी हाळी कानावर पडेल आणि आईला वाटेल, कान परत आले. सगळंच झाकलं जाईल. कुणालाच त्रास नाही. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. अगदी असाच विचार करत करत ही दोघं इथवर येऊन पोचली होती.

तिने कपाटाचा खण ओढला. यंत्र रुमालात गुंडाळलेलं होतं, बाजूला बॅटऱ्यांचं न फोडलेलं पाकीट. तिने बॅटरी बदलली, आईच्या कानात यंत्र बसवलं, आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसली, आईला तोंड दिसेल अशी. आई नको नको म्हणत होती.

"आई," थोरली सावकाश म्हणाली. "ऐकू येतंय?"

आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काहीतरी येतंय. गुणगुण."

"तुझे कान होते तसेच आहेत. गडगड्याचा आवाज गेलाय. ह्यांनी तो काढून टाकला. ऑपरेशन करून. शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून. दात काढलाच नव्हता."

आईने पुन्हा सांगायला लावलं. थोरलीने पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द, आणि आईचे डोळे तिच्या ओठांवरून हलले नाहीत.

"म्हणजे मी ठार बहिरी नाही?"

"नाही."

आईच्या तोंडावर हसू आलं, अगदी लहान मुलीसारखं, दडवता न येणारं. मग तिने मांडीवरच्या डोक्याकडे बघितलं आणि ते हसू जागच्या जागी विरलं. आपण कशाला हसलो, ते तिला कळलं. तिने गडगड्याचं तोंड दोन्ही हातांत धरून वर केलं, दाढी बाजूला सारली, आणि गळ्यावर अंगठे फिरवत राहिली. कुठे काही दिसत नव्हतंच.

"मी ह्याला चमच्याने भरवत होते," ती धाकटीला म्हणाली. "तू शेजारी उभी होतीस. वाटी धरून."

धाकटी खाली बसली आणि तिने आईचे पाय धरले. "चुकलं गं आई. घाबरले मी. सगळी बिल्डिंग एका बाजूला झाली होती. ताईला तोंड कसं दाखवू, ते कळेना—"

"आता रडून काय उपयोग आहे?" थोरली कडाडली. "तेव्हा कुठे गेलं होतं हे रडणं? आई, तू चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता! इथे एक क्षण नाही राहायचं! कुत्र्यालाही नेते आणि तुलाही नेते, बघतेच मी कोण—"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "ऐकू येतंय मला."

आई दोघींकडे आळीपाळीने बघत होती, आणि त्या बघण्यात थोरलीसाठीही काही वेगळं राखून ठेवलेलं नव्हतं.

"हिला तुझी भीती. तुला दम नाही. त्या खालच्याला झोप हवी. आणि घरातली दोन मुकी जनावरं, एक हा आणि एक मी. आम्हांला कुणी विचारलं?" आता तिचा आवाज वाढला होता, यंत्रातून तो तिला स्वतःला ऐकू येत असावा, कारण वाक्यागणिक तो आणखी वाढत गेला. "माझी बॅग भर, धाकटे. मी जाते हिच्याकडे. त्याचा पट्टा आण. पण मी अशी गुपचूप नाही जायची. काठी दे."

काठी टेकत ती उठली. थोरली हात द्यायला गेली, तो तिने झिडकारला. बैठकीची खोली ओलांडून ती गॅलरीच्या दारापाशी गेली, कडी काढली आणि बाहेर जाऊन कठड्याला धरून उभी राहिली. गडगड्या तिच्या पायांत. खाली बाकावर संध्याकाळची मंडळी जमली होती, मुलं सायकली फिरवत होती. चेअरमन आपल्या गॅलरीत नुकतीच आंघोळ घातलेल्या कुंड्यांकडे बघत उभे होते.

आईने छाती भरून घेतली. मान मागे टाकली. आणि हाळी दिली.

ती माणसाची हाक नव्हती. इतकी वर्षं त्या आवारात राहून कानांत साठलेलं जे होतं, ते तिच्या वाळक्या छातीतून बाहेर आलं, जड, लांब, मध्येच फाटणारं, पण थांबायचं नाव न घेणारं. सायकली थांबल्या. बाकावरची सगळी तोंडं वर झाली. धाकटीने कानांवर हात ठेवले. गडगड्याने टुणकन उडी मारून पुढचे पाय कठड्यावर टाकले, मान वर केली आणि आईच्या शेजारी उभं राहून तोही तोंड उघडून जीव ओतू लागला. त्याचं काही ऐकू येत नव्हतं, पण आता ते कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

आईचा श्वास संपला. तिने दुसरा घेतला आणि पुन्हा सुरू केलं.

"अहो!" खालून चेअरमन ओरडले. "अहो, काय चाललंय हे? काही माणुसकी आहे की नाही? बंद करा तो आवाज!"

आई थांबली. मेहुणा "आई, आत चला, लोक बघतायत" म्हणत पुढे झाला, पण थोरलीने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला जागच्या जागी थांबवलं. तोंडाशी आलेलं सगळं तिने गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

आई कठड्यावरून वाकून खाली बघत होती. तिने कानातलं यंत्र बोटाने आणखी आत दाबलं.

"ऐकू आलं मला!" ती खाली ओरडली. "आवाज माझा आहे! नोटीस लावा माझ्या नावाची! आणि गळा कापायचा असेल ना, तर डॉक्टरला घेऊन वर या!"

आणि तिने पुन्हा मान मागे टाकली.